मागचा आवाज

अहमदाबादहून धैवतचा निरोप आला, "राजुलबेन, तुमचा आवाज फार छान लागतो. पण मागे काहीतरी किचकिचतंय."

काहीतरी म्हणे! माझ्या डोक्यात गेली वीस वर्षं जे किचकिचतंय, त्याला हे कालचं पोरगं काहीतरी म्हणतं. तो आमचा झोपाळा आहे. ओसरीत मधोमध टांगलेला, सागवानी पाटाचा, पितळी कड्यांचा. आणि त्याच्यावर सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत माझ्या सासूबाई आहेत. आम्ही त्यांना बा म्हणतो. बा पायाचा अंगठा जमिनीला टेकवून झोका देतात आणि वरच्या तुळईतलं कडं बोलतं. जाताना किच, येताना कूच. दिवसभर.

धैवत आणि त्याची बायको मिळून गुजराती गोष्टींचा पॉडकास्ट चालवतात. घरोघरच्या बायका आपापल्या घरात बसून गोष्ट वाचतात, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतात आणि हे दोघं ती जगभर ऐकवतात. त्यांना दर आठवड्याला वाचणारी एक बाई कायमची हवी होती. मी गोष्ट वाचून पाठवली, ती परत आली. तीच पुन्हा वाचून पाठवली, पुन्हा परत. मग धैवतने मोठ्या अदबीने लिहिलं की गुरुवारी संध्याकाळपर्यंत स्वच्छ रेकॉर्डिंग आलं तर उत्तम, नाहीतर भुजच्या एक बेन आहेत, त्यांचं घर शांत आहे.

भुजची ती बेन मी जन्मात पाहिलेली नाही, पण तेव्हापासून ती डोळ्यांसमोरून हलेना. तिच्या घरात म्हणे पंखासुद्धा वाजत नाही. असली कसली बाई, आणि असलं कसलं घर!

मला ते काम हवं होतं. सांगायला लाज कसली, हवंच होतं. या घरात माझं एक वाक्य आजवर पूर्णविरामापर्यंत पोचलेलं नाही. मी "काय म्हणते, उद्या" एवढं म्हटलं की बा म्हणतात, "उद्या अगियारस, साबुदाणा भिजव." नवऱ्याला "ऐका ना, मला" म्हटलं की भार्गव म्हणतात, "पैसे कपाटात आहेत." अहो, मला पैसे नको होते! मला काय हवं होतं ते सांगायला वाक्य संपवावं लागतं आणि ते संपू द्यायला समोर माणूस लागतं. कुठेतरी कुणी अनोळखी माणूस कानात बोंडं घालून बसेल आणि माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकेल, या नुसत्या कल्पनेने मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

तर पहिल्यांदा मी झोपाळ्याच्या कड्यांत एरंडेल घातलं. स्टुलावर चढून, पदर खोचून, चांगलं वाटीभर. किचकूच बंद झालं. बा येऊन बसल्या, झोका दिला, आणि आवाज आला नाही म्हणून असा चेहरा केला जसा कुणी त्यांच्या पायाखालचा पाटच काढून घेतला.

"याला काय झालं?"

"तेल घातलं, बा."

"कुणी सांगितलं होतं? झोपाळा बोलायचा थांबला की शेरीला, सगळ्या गल्लीला वाटतं घरात कुणी नाही."

"शेरीला काय वाटायचं ते वाटू दे."

"असं नसतं, वहू." आणि त्यांनी काय करावं? आवाज नाही म्हणून स्वतःच झोक्याच्या तालावर "हरि हरि" म्हणायला सुरुवात केली. त्यापेक्षा ते किचकूच बरं होतं. वरून तेलाचे थेंब त्यांच्या पांढऱ्या साडीवर टपकले, ते निराळंच. धुऊनही निघेनात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. चार दिवसांत तेल वाळलं आणि कडं पुन्हा बोलायला लागलं. बा खूश झाल्या.

धैवतने मग फोनवरून शिकवणी सुरू केली. आधी पंखा बंद करा, फ्रिजचं बटण बंद करा, भिंतीवरचं घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. मग काही न बोलता नुसती खोली थोडा वेळ रेकॉर्ड करा, म्हणजे मागचा आवाज कोणता ते मशीनला कळेल आणि मशीन तेवढाच काढून टाकेल. ठीक आहे. मी चटईवर मांडी घातली, माइक पुढे ठेवला आणि नुसती बसले. बा झोपाळ्यावरून वाकून बघायला लागल्या.

"अशी गप्प का बसलीस?"

मी हाताने खूण केली.

"बरं वाटत नाहीये का? लिंबूपाणी करू? भार्गवने काही म्हटलं का?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"भार्गवनेच म्हटलं असणार. येऊ दे त्याला."

मशीनला मागचा आवाज म्हणून जे मिळालं ते हे! मग त्याने ते प्रामाणिकपणे काढून टाकलं, आणि बांबरोबर मलाही काढून टाकलं. उरलेला माझा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. धैवत म्हणाला, "मशीनवर फार भिस्त ठेवू नका, बेन. आवाज मुळातच येऊ देऊ नका. गाद्या-गोधड्यांचा तंबू करा आणि त्यात बसून वाचा."

आता आमच्या मधल्या खोलीत गोधड्यांना तोटा नाही. लाकडी दामचियावर छतापर्यंत थर रचलेला आहे. बांच्या आईने एकेक टाका घालून लेकीच्या आणावळीत, म्हणजे रुखवतात, दिलेल्या गोधड्या. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या आणि पाहुण्यांना कधी न दिलेल्या. मी विचारून बघितलं.

"माझ्या आईने त्या माणसांना पांघरायला शिवल्यात," बा म्हणाल्या. "आत शिरून एकटीने बडबडायला नाही."

"बडबड नाही, बा, गोष्ट आहे."

"गोष्ट कसली! ती रतन गाव सोडून गेलेली, एवढ्या वर्षांनी परत येते, देलीच्या दाराच्या साखळीला हात घालते, आणि तू म्हणतेस हट्! रोज तिथपर्यंत आणून सोडतेस बिचारीला. पुढे काय होतं तिचं?"

मी हट् म्हणत होते कारण नेमकं त्याच जागी काहीतरी वाजत होतं. एकदा कुकर, एकदा शेजारच्या देवशीभाईंची पिठाची गिरणी, एकदा गवारवाला. आणि उरलेल्या सगळ्या वेळा खुद्द बांचा झोपाळा. कारण गोष्ट तिथे आली की बांचा पाय जोरात चालायचा. मी म्हटलं, "तुम्ही झोका थांबवलात तर कळेल पुढे काय होतं ते." यावर बांनी मान फिरवली. झोका थांबला नाही.

कुणी म्हणेल, दुपारी वाचायचं. आमच्या गोंडलमध्ये दुपारी एकला दुकानं बंद होतात ती चारला उघडतात. मधल्या वेळात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. धैवतही तेच म्हणाला, "सौराष्ट्रात राहून शांतता मिळत नाही म्हणता? आश्चर्य आहे!" आश्चर्य काय त्यात? शेरी झोपते, पण भार्गव दुकान बंद करून घरी येतात, जेवतात आणि घोरतात. दुकान भांड्यांचं आहे. दिवसभर पातेल्यांच्या आवाजात बसून त्यांच्या घोरण्यालाही तोच नाद आला आहे. उठवलं तर म्हणतात, "मी जागाच आहे, तू वाच." आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पातेलं पडतं.

एक दिवस मी त्यांना मेव्हण्याकडे जेवायला पाठवलं आणि दुपारी वाचायला बसले. गोष्ट निम्म्यावर आली नाही तोच समोरच्या लाभूकाकी दारात. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"राजुलवहू, दुपारचं काय गं हे? माझा डोळा लागत नाही तुझ्या आवाजाने."

"काकी, मी हळूच वाचते आहे."

"हळू वाचतेस म्हणून तर कान द्यावा लागतो! काल ती रतन माझ्या स्वप्नात आली. साखळी धरून उभी. मी म्हटलं, अगं ये आत, तर बोलेचना."

म्हणजे सगळ्या शेरीत एकच आवाज नकोसा होता आणि तो माझा होता. हसावं की रडावं ते कळेना. काकी गेल्यावर मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि तांदूळ निवडत बसले. त्या तांदळात त्या दिवशी एक खडा राहिला नाही, इतका राग होता हातात.

गुरुवार उजाडला. भार्गव दुकानाला गेले. मी ठरवलंच होतं, आज कुणाला काही विचारायचं नाही. मधल्या खोलीत गेले आणि दामचियावरच्या गोधड्या खाली ओढायला लागले. बा दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता महाभारत होणार. मीही तयार होते. पण त्या नुसत्या बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तळाची निळी घेऊ नकोस."

निळी ठेवली. बाकीच्या कपाटाच्या उघड्या दारांवर, दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर टाकून तंबू उभा केला. चैत्राचं ऊन, पंखा बंद, आणि अंगाभोवती कापसाच्या गोधड्या! मग ओसरीत येऊन बांपुढे हात जोडले.

"बा, आज शेवटचा दिवस आहे. आज झालं नाही तर माझं काम त्या भुजवालीला जाणार. एक तास झोका देऊ नका. पाया पडते."

"बरं," बा म्हणाल्या. इतक्या सहज, की मला संशयच आला. त्या झोपाळ्यावर बसल्या, पाय वर घेतले आणि कडी धरून स्थिर राहिल्या.

मी खिडक्या लावल्या. मागचं दार लावलं. मग पुढचा मोठा दरवाजा लावला आणि आतून कडी घातली.

आमच्या शेरीत दिवसा पुढचा दरवाजा लावत नाहीत. माणसं घरात असोत नसोत, तो उघडा असतो. तो लागलेला दिसला म्हणजे त्या घरात काहीतरी घडलं असं समजायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गोंडलमध्येच जन्मले, इथेच नांदते आहे. पण त्या दिवशी डोक्यात शांततेशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं.

तंबूत शिरले, माइक लावला, सुरुवात केली. घाम डोळ्यांत जात होता, पण आवाज असा लागला होता की काय सांगू! रतन एसटीतून उतरली, तळ्याकडेने चालत आली, वडाखाली टेकली, पदराने तोंड पुसलं. कुठे किच नाही, कूच नाही. ती बापाच्या देलीपाशी आली. मी वाचलं, "तिने साखळीला हात घातला आणि…"

आणि आमच्या दरवाजाची साखळी खडखडली!

मी कपाळावर हात मारून घेतला. रडायलाही ताकद उरली नव्हती. बाहेरून लाभूकाकींचा आवाज आला, रडवेला, "भार्गवभाई! राजुलवहू! दार उघडा गं!" आणि मागे आणखी बायकांची कुजबुज.

त्यांचंही काय चुकलं? भर सकाळी दरवाजा बंद. कधी न थांबणारा झोपाळा गप्प. आणि खिडकी लावण्यापूर्वी लाभूकाकींनी मला गोधड्या खाली काढताना पाहिलं होतं. दामचियावरच्या गोधड्या घरात राहायला माणसं येणार असली तरच निघतात, म्हणजे लग्नाला नाहीतर मरणाला. लग्न असतं तर शेरीला आधीच कळलं असतं. त्यांनी सरळ हिशेब केला की बा गेल्या. शेरीभर सांगितलं, पांढऱ्या साड्या नेसल्या आणि सगळ्या मिळून आल्या.

मी गोधडीची फट करून बघत होते. बा झोपाळ्यावरून उतरल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दरवाजा उघडला. बाहेर एक किंकाळी उठली.

"अय्या, बा तुम्ही!" लाभूकाकी छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "मग… मग कोण गेलं?"

मला वाटलं, बा आता म्हणणार, कुणी नाही, आमच्या सुनेला वेड लागलंय. मग हास्याचा गडगडाट होणार, चहा होणार, गुरुवार संपणार. पण बा दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. समोर त्या सगळ्या पांढऱ्या साड्या.

"माझी बहीण," बा म्हणाल्या. "धाकटी. वसु."

"अरेरे! काय झालं होतं?"

"आता ते विचारून काय? आलाच आहात तर बसा. कुणी बोलू नका. आत वाचन चाललंय."

आणि बायका आत आल्या. ओसरीत चादर अंथरली गेली. बेसण्याला, म्हणजे मयताच्या घरी शोकाला, बसतात तशा सगळ्या हात जोडून, मान खाली घालून बसल्या. कुणीतरी जाऊन देवशीभाईंना सांगितलं असावं, कारण गिरणी थांबली. पलीकडचा टीव्ही थांबला. गवारवाल्याला कोपऱ्यावरच कुणीतरी हात केला. मी या शेरीत इतकी वर्षं आहे, पण अशी शांतता ऐकली नव्हती.

मी तंबूत दातओठ खात बसले होते. खोटं मरण! माझ्या कामासाठी एक बहीण मारली, आणि ती बहीणही खोटी! हे उद्या उघडं पडलं की शेरीत तोंड कुठे दाखवायचं? आणि सुतक, शेजारून येणारी खिचडी-कढी, भेटायला येणारी माणसं, हे कुणी निस्तरायचं? तेवढ्यात गोधडी बाजूला झाली आणि बांचं डोकं आत आलं.

"वाच."

"बा, हे तुम्ही काय…"

"नंतर. पहिल्यापासून वाच. त्यांनाही कळायला हवी गोष्ट." त्यांच्या हातात ती तळाची निळी गोधडी होती. ती त्यांनी तंबूच्या तोंडावर टाकली आणि बाहेरून नीट सारखी केली.

मी वाचलं. पहिल्यापासून वाचलं. रतन एसटीतून उतरली, तळ्याकडेने आली, वडाखाली टेकली. गोधड्यांपलीकडे माणसं बसली आहेत हे मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. कुणी मध्ये "हं" म्हटलं नाही, कुणी उद्याच्या साबुदाण्याचं काढलं नाही. "तिने साखळीला हात घातला आणि दोनदा वाजवली. आतून आवाज आला, कोण आहे? रतनला आपलं नाव सांगता येईना. बापाने ज्या नावाने हाकलली ते सांगावं, की आईने ठेवलं होतं ते? ती म्हणाली, मी. आतली म्हातारी म्हणाली, मग वाजवत काय उभी राहिलीस? दार उघडंच आहे."

एवढीच गोष्ट. पूर्णविराम आला. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि पदर तोंडात धरून रडले. आनंदाने रडले, उकाड्याने रडले, कशाने ते माहीत नाही.

बायका उठल्या. लाभूकाकी नाक ओढत म्हणाल्या, "मला वाटलं गीता वाचताय. पण हेही ठीक आहे." आणि रीतीप्रमाणे प्रत्येकजण बांपुढे हात जोडून, न बोलता निघाली, घरी जाऊन आंघोळ करायला.

एक वाजला होता. भार्गव जेवायला आले ते नेमके या पांढऱ्या रांगेसमोर. कुणीतरी त्यांना हात जोडून म्हणालं, "देवाची मर्जी, भार्गवभाई." झालं! चपला कुठे, पिशवी कुठे, हा माणूस "बा! बा!" करत ओसरीत धावत शिरला आणि झोपाळ्यावर आपटला.

"मी आहे. ओरडू नकोस," बा म्हणाल्या.

"मग कोण गेलं?"

"तुझी मासी."

"मला मासी कुठे आहे?"

तोवर मी तंबूतून बाहेर पडले होते. घामाने निथळत, केसांना कापूस चिकटलेला. काम झालं होतं, पण राग कुठे जातो? "नाहीच आहे मासी!" मी म्हटलं. "बांनी माझ्यासाठी मरण उभं केलं. शेरीला खोटं सांगितलं. आता उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं आम्ही?"

"खोटं कुठे बोलले?" बा म्हणाल्या. "गेली ती. कधी गेली, ते कुणी विचारलंच नाही."

भार्गव माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे.

"वसुने आपल्या मनाने लग्न केलं," बा म्हणाल्या. त्यांचा पाय जमिनीवर होता, पण झोका देत नव्हत्या. "आमच्यातला नव्हता तो. माझ्या बापूंनी त्याच दिवशी विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. आम्हा सगळ्यांना करायला लावली. तुझा जन्मही नव्हता झाला. मी बाळंतपणाला माहेरी होते, सातवा लागला होता, माझ्या डोक्यावरही घडा ओतला. पुढे ती एकदा आली. भर दुपारी. बापूंनी दरवाजा आतून लावून घेतला. ती साखळी वाजवत राहिली, आणि आम्ही आत. माझी आई, मी, सगळे. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. राजुल, तुला हवी तशी शांतता तेव्हा होती बघ घरात."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाक्य सुरूच करावंसं वाटलं नाही.

"नंतर ती खरंच वारली. सुरतेला. कुणीतरी सांगितलं. बापू म्हणाले, तिची आंघोळ आपण केव्हाच केली, आता पुन्हा कशाला? ना बेसणं, ना काही. ही निळी गोधडी तिची. आईने दोघींच्या शिवल्या होत्या. तिची माझ्याबरोबर इकडे आली."

भार्गवना दुपारी झोपेतून उठवायला भूकंप लागतो. त्या दिवशी ते जेवायला बसले नाहीत. "मग मलाही आंघोळ करायला हवी," म्हणाले आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले. त्यांच्यानंतर बा गेल्या. मी बाहेरून ऐकत होते. तांब्यामागून तांब्या ओतला जात होता, आणि मधून "उघडंच होतं म्हणे, वसु," असं काहीतरी. माझ्या हातात मोबाइल होता. मी तो बाजूला ठेवला.

मग मीही न्हाले आणि संध्याकाळ व्हायच्या आत गोष्ट पाठवली. धैवतचं उत्तर लगेच आलं, "बेन, काय केलंत तुम्ही! मागे टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही. काम तुमचं. पुढची गोष्ट उद्या पाठवतो, दर गुरुवारी एक. पण शांतता अशीच हवी हं!"

इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते हातात आलं. पण अशी शांतता आणि तीही दर गुरुवारी! मी ओसरीत गेले. बा धुतलेली साडी नेसून झोपाळ्यावर बसल्या होत्या, केस ओले, मांडीवर निळी गोधडी.

"बा, काम मिळालं."

"मिळणारच."

"पण दर आठवड्याला अशीच शांतता हवी म्हणतात. ती आणायची कुठून?"

बांनी पायाचा अंगठा जमिनीला टेकवला. वर कडं बोललं, किच. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली. आपली एक आत्या, कुणा चुलत सासऱ्यांची पहिली बायको, वाड्यातली एक मोठी जाऊ. मोजता मोजता दुसऱ्या हातावर गेल्या.

"तू नको काळजी करूस," त्या म्हणाल्या. "बेसणं राहिलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत."